ट्रेमधली चिंबोरी आणि ताटातली चिंबोरी

बाजारात कोळणीनं पापलेटाचा वाटा सहाशेला सांगितला की मी पाचशे म्हणतो. ती "जा पुढं" म्हणते, मी दोन पावलं पुढं जातो आणि मागून हाक येते. मासळीचे कल्ले उघडून लाली बघायची, चिंबोरी, म्हणजे खेकडा, उलटी करून पोटाला अंगठा दाबून बघायचा, दबली तर परत टोपलीत टाकायची. आजोळ किनाऱ्यावरच्या रेवदंड्याचं असल्यामुळे हे वेगळं शिकावं लागलं नाही. असा मी, गेल्या डिसेंबरात मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका चकचकीत रेस्टॉरंटात एका चिंबोरीचे ४,६२० रुपये मोजून आलो. ऑर्डर देताना भाव काय, वजन किती, हे दोन साधे प्रश्नही तोंडातून निघाले नाहीत.

आम्ही चौघं, म्हणजे मी आणि मेधा, सुनील आणि वर्षा, महिन्यातून एका शनिवारी कुठेतरी नवीन जेवायला जातो. माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ सालचं; तिथे केळीच्या पानावर भात-रसम आम्ही किती वेळा ओरपलंय याचा हिशेब नाही. बॅलार्ड इस्टेटला १९२३ पासूनच्या ब्रिटानियात बेरी पुलाव, चेंबूर कॅम्पात सकाळी दाल-पकवान, रमजानात मोहम्मद अली रोड. यातल्या कुठल्याही ठिकाणी बिल बघून कपाळाला आठी पडली नव्हती. त्यामुळे आपल्याला हॉटेलातलं कळतं, असा एक माज आमच्यात आलेला होता. मध्यंतरी एका ठिकाणी 'रावस टिक्का' म्हणून बासा खायला घातला, तेव्हा मी पहिल्या घासाला ओळखलं होतं. बासा हा गोठवून आणलेला पांढरा, काट्याविना, चवीविना मासा. रावसाच्या भावात तो खपवणं ही शहरातली जुनी हातचलाखी. ते पकडल्यापासून तर मी जरा जास्तच ताठ चालत होतो.

तर हे नवीन ठिकाण. केरळपासून वसईपर्यंत सगळ्या किनाऱ्याचं जेवण, अशी त्यांची जाहिरात. मेनूत मलबारी मोईली, मंगळुरी गस्सी, गोव्याचं कालदीन, आपलं मालवणी तिखलं आणि शेवटी वसईकडच्या ईस्ट इंडियन लोकांचा बॉटल मसाला घातलेली कोळंबी. हा मसाला वर्षभराचा कुटून बाटल्यांत ठासून भरतात म्हणून बॉटल मसाला. हॉटेलच्या मेनूवर तो क्वचित दिसतो, त्यामुळे आम्ही तिथेच निम्मे विरघळलो. खरं सांगायचं तर ती कोळंबी उत्तमच होती. स्वयंपाक येत नाही म्हणून लुबाडतात असं काही नसतं.

चिंबोरी आणि पापलेटापुढे मात्र किमतीच्या जागी तीनच अक्षरं होती : एपीएस. 'अ‍ॅज पर साइज', म्हणजे आकाराप्रमाणे. सुनीलनं विचारलं, "साधारण किती पडेल?" वेटर हसून म्हणाला, "सर, साइजवर आहे. थांबा, दाखवतोच." आणि तो आत गेला.

तो स्टीलचा ट्रे घेऊन आला, त्यावर बर्फाचा चुरा, केळीचं पान, एक मोठं पापलेट आणि सुतळीनं बांधलेली जिवंत काळी चिंबोरी. डोळे हलत होते, तोंडातून फेस येत होता. तिची उजवी नांगी डावीच्या निम्मीही नव्हती. तुटलेली नांगी चिंबोरीला पुन्हा फुटते, पण कात टाकेल तेव्हाच आणि आधी बारकी. ही तशी नव्यानं फुटलेली. मी हे कौतुकानं सगळ्यांना सांगितलं. मेधानं फोटो काढला. वेटर म्हणाला, "सातशे-आठशे ग्रॅम होईल. पापलेट हाफ केजीच्या आसपास."

इथे मी गप्प बसलो. बाजारात असतो तर म्हणालो असतो, ठेव काट्यावर. पण इथे मांडीवर कापडी नॅपकिन, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस, वेटरच्या गळ्यात बो, आणि आमची वर्षा "अगं किती गोड आहे" म्हणत चिंबोरीकडे बघतेय. अशा वेळी "काटा आणा" म्हणणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत तुपाचा भाव विचारण्यासारखं वाटतं. आपण परवडणाऱ्यांतले दिसावं, ही एक खाज असते. ती माझ्यात आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

मी मालवणी तिखलं सांगितलं. वेटर म्हणाला, "सर, एवढी मोठी आहे तर बटर-गार्लिक-पेपर घ्या. शेफची स्पेशालिटी." माझं स्वतःचं मत असं की चिंबोरी बटर-गार्लिकमध्ये घालणं म्हणजे तिचा खून करून वर फुलं वाहणं. पण वर्षाला हवं होतं. आता कळतं, त्या सुचवण्यात कदाचित दुसरंही काही होतं. तिखल्यात चिंबोरीचं शिळेपण लपत नाही. लोणी, लसूण आणि मिऱ्याच्या मुसळधार पावसात सगळं लपतं.

पंचवीस मिनिटांनी थाळा आला. दोन नांग्या, दोन्ही सारख्या, दोन्ही दणदणीत.

मी दोनदा बघितलं. मेधाला म्हणालो, "फोटो काढ." तिनं काढला. सुनील म्हणाला, "जाऊ दे ना, मोठी मिळाली तर बरंच की." मीही हसलो. हीच ती वेळ होती, थाळा परत पाठवायची. खाऊन झाल्यावर तक्रार करणाऱ्याला कोण विचारतो? मी नांगी फोडली. ताज्या चिंबोरीचं मांस कवचातून अखंड सुटतं, त्याचे तंतू दिसतात. हे मऊ, भुसभुशीत, पीठ झालेलं. चिंबोरी मेली की तिचं मांस फार लवकर उतरतं, म्हणूनच ती बांधून जिवंत विकतात. ट्रेमधली जिवंत होती. ही केव्हा मेली होती देव जाणे. तरी मी खाल्ली. पोट बिघडलं नाही, एवढंच नशीब.

बिल आलं. चिंबोरी १ किलो ६५० ग्रॅम, १०० ग्रॅमला २८० रुपये दरानं ४,६२०. पापलेट ८५० ग्रॅम, १०० ग्रॅमला ३२० प्रमाणे २,७२०. बाकीचं २,८६०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, १,०२०. आणि या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी, ५६१. एकूण ११,७८१.

दर कुठे लिहिलाय, असं विचारल्यावर मेनूचं शेवटचं पान उघडून दाखवलं. मिष्टान्नांच्या खाली, चष्मा लावूनही वाचताना त्रास होईल अशा अक्षरात, होता. सातशे-आठशेचं साडेसोळाशे कसं झालं? मॅनेजर अत्यंत नम्र. "सर, ते अंदाजे होतं. हे कच्चं वजन आहे, किचनमधल्या काट्यावरचं." काटा बघू? "किचनमध्ये गेस्टना अलाऊ नाही." मी फोटो दाखवला, ट्रेमधली एक नांगी बारकी आणि ताटातल्या दोन्ही सारख्या. तो फोटोकडे बघून म्हणाला, "शिजल्यावर फुगते, सर."

शिजल्यावर नांगी फुगते! रेवदंड्याच्या माणसाला!

मी आवाज चढवला. लगेच आजूबाजूच्या माना वळल्या आणि सुनील खालच्या आवाजात म्हणाला, "अरे, भरून टाकू, चौघांत काय ते वाटून घेऊ." वाढदिवसाच्या टेबलावर गाणं थांबलं. मी पैसे भरले. फक्त बिल घडी घालून खिशात टाकलं, आणि तेवढं एक शहाणपण त्या रात्री माझ्या हातून झालं.

बाहेर पडताना आमचाच वेटर ट्रे घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाकडे चालला होता. त्यावर पापलेट, केळीचं पान, आणि बारक्या उजव्या नांगीची चिंबोरी. बिचारी संध्याकाळपासून सगळ्यांना नमस्कार करत फिरत होती.

आईला रात्रीच फोन करून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "नुकतीच पौर्णिमा झाली ना? मग भरलेली मिळणारच नव्हती." आमच्याकडे चिंबोरी अमावास्येला खातात, पौर्णिमेला ती पोकळ, असं मानतात. बाकी सर्व्हिस चार्ज वगैरे तिच्या दृष्टीनं किरकोळ.

ते किरकोळ प्रकरणच पुढे कामाला आलं. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला बजावलं होतं. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. मेनूवर छापला म्हणून सक्तीचा होत नाही. मॅनेजरनं "पॉलिसी आहे" म्हणून सांगितलं होतं, आणि मला हे सगळं ठाऊक असूनही मी तेव्हा विसरलो होतो. संतापात माणसाला पाठ असलेलंही आठवत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी आधी हे काढायला सांगा आणि मग बाकीच्या आकड्यांवर भांडा. शिवाय जीएसटीही त्या चार्जसकट रकमेवर लावतात, म्हणजे नको असलेल्या पैशावर कर.

मग सुनीलचा भाचा, अकाउंटंट आहे, बिल बघून म्हणाला, नंबर टाकून बघा. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये तो टाकला की धंद्याचं नाव, पत्ता आणि करदात्याचा प्रकार दिसतो. लॉगिन लागत नाही. आमच्या बिलावरचा नंबर खरा निघाला, पण प्रकारापुढे लिहिलं होतं, कम्पोझिशन. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीच्या धंद्यांसाठी ही सवलतीची योजना. त्यात हॉटेलवाल्यानं स्वतःच्या उलाढालीवर कर भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून एक पैसाही जीएसटी म्हणून घ्यायचा नसतो, आणि बिलावर तसं छापायचं असतं. म्हणजे आमचे ५६१ रुपये सरकारकडे जाण्यासाठी नव्हतेच. नियमित नोंदणीच्या बहुतेक रेस्टॉरंटांतही दर पाचच टक्के, त्यामुळे बिलाकडे नुसतं बघून काही कळत नाही. जेवण येईपर्यंत पाटीवरचा किंवा दर्शनी भागातल्या प्रमाणपत्रावरचा नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. भाच्यानं हे इतक्या सहज सांगितलं की मला माझ्या वयाची लाज वाटली.

एका बाबतीत मात्र मी उगाच पाय आपटत होतो. पाण्याच्या बाटल्या नव्वद रुपयांना लावल्या होत्या, छापील किमतीपेक्षा खूप जास्त. पण हॉटेलात बसून खाताना छापील किमतीचं बंधन लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलेलं आहे. "रेग्युलर की बिसलेरी?" या प्रश्नाला न लाजता "साधं" म्हणायचं, एवढाच उपाय.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल, दोन्ही फोटो, जीएसटी पोर्टलचा स्क्रीनशॉट, मेनूच्या शेवटच्या पानाचा वर्षानं काढलेला फोटो. सोळा दिवसांनी रेस्टॉरंटकडून सर्व्हिस चार्ज आणि जीएसटीचे मिळून १,५८१ रुपये परत आले, सोबत "गैरसमजाबद्दल दिलगिरी". चिंबोरीचा एक रुपयाही नाही. वजनाचा पुरावा काय? काटा मी बघितलाच नव्हता. वैधमापन शास्त्र विभागाकडे वेगळा अर्ज दिलाय. धंद्यातला इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी त्यांच्याकडून तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो, आणि वजनावर विकलेला मासा म्हणजे धंदाच. पोच मिळाली आहे.

परवा आम्ही पुन्हा निघालो, दादरच्या एका जुन्या, ट्यूबलाइटच्या उजेडातल्या ठिकाणी. चिंबोरी होती. मी वेटरला म्हणालो, काटा इथे आणा, सुतळी सोडून वजन करा, आणि वजन ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहा. ओली सुतळीही वजनात जाते. वर्षा छताकडे बघू लागली. सुनीलनं मेनूकार्ड नाकापर्यंत वर घेतलं. वेटरनं "हो काका" म्हणून गल्ल्याजवळचा काटा उचलून आणला आणि आमच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला. मी चिंबोरी उलटी केली, अंगठा दाबला. घट्ट. सुतळीसकट ५८० ग्रॅम भरली, सुतळी सोडून ५४०.

"तिखलंच ना?" वेटरनं विचारलं. सुनीलनं अजून मेनू खाली घेतला नव्हता.