काल्पनिक संस्कृती घडवताना: आधी नकाशा की आधी भाषा?

नकाशा आधी काढला की कारणे हाताशी येतात. डोंगराच्या वाऱ्याकडच्या बाजूला पाऊस, पलीकडे पर्जन्यछाया. म्हणजे इकडे शेती, तिकडे मेंढपाळ. मीठ कुठून येते, पाण्यावर हक्क कोणाचा, एवढे ठरले की कायदे, सण, अगदी शिव्यासुद्धा त्यातूनच निघतात. फक्त सगळे वाळवंटी लोक एका साच्याचे होऊ देऊ नका.

भाषा आधी घेतली तर नावे एकाच मातीतली वाटतात. ध्वनी मोजकेच ठेवा. हवाईयन भाषेचे 8 व्यंजने आणि 5 मूळ स्वरांवर भागते. पण व्याकरणात महिने जातात आणि लोक खातात काय, हेच ठरत नाही.

म्हणून नकाशाच आधी. नात्यांचे शब्द मात्र त्याच दिवशी पाडा: मामा-काकांना वेगळे शब्द दिले, की वारसा कोणाकडून हा प्रश्न लगेच उभा राहतो.