जेल, वॅक्स की पावडर? रोज हेल्मेट घालणाऱ्याचा हिशोब

केसांना लावायचं स्वस्तातलं काही घ्यायला गेलं की हल्ली दुकानात तीनच गोष्टी समोर येतात, जेल, वॅक्स आणि केसांना फुगवटा देणारी ती नवी पावडर. क्ले, पोमेड, पेस्ट अशी नावं डब्यांवर भरपूर असतात पण ३०० रुपयांच्या आत जे क्ले मिळतं ते बहुतेक वेळा जरा कोरडं वॅक्सच असतं, म्हणून मी त्याला वॅक्सच्याच खात्यात टाकतो. माझं तिन्ही भरपूर वापरून झालंय. होल्ड किती, शाइन किती हे डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ते इथे परत लिहीत नाही.

आधी माझी परिस्थिती सांगतो म्हणजे तुमच्याशी कितपत जुळते ते बघा. केस सरळ, बाजूने बारीक, वर चारेक बोटं, आणि पुढून थोडे विरळ व्हायला लागलेत (घरात यावर कोणी बोलत नाही, न्हावी मात्र दर वेळी बोलतो). राहतो सुदामानगरात, ऑफिस विजयनगरला, म्हणजे इंदूरचं एक टोक ते दुसरं टोक, आणि जाणंयेणं स्कूटरवर. १ ऑगस्ट २०२५ पासून इथे कलेक्टरांचा आदेश लागू झाला की हेल्मेट नसेल तर पंपावर पेट्रोल मिळणार नाही. त्याआधी अर्धं शहर हेल्मेट आरशाला लटकवून फिरायचं. मला त्यानंतर जी सवय लागली ती लागलीच, चांगलंच झालं, पण केसांचं गणित तिथून सगळं बदललं.

जेलबद्दल फार बोलण्यासारखं नाही, आपण सगळे कॉलेजात त्यातून गेलोय. ओल्या केसांना लावा, विंचरा, वाळू द्या. त्यातलं पाणी उडालं की पॉलिमरचा एक पातळ पापुद्रा केसांवर धरतो आणि तोच तो होल्ड. तो पापुद्रा शाबूत आहे तोवर जेलला तोड नाही, लग्नात, मुंजीत, फोटोत एकदम चकाचक. पण त्यावर हेल्मेट चढवलं की तो मोडतो आणि एकदा मोडला की परत जुळत नाही, वरून कंगवा फिरवला तर पांढरे कण खांद्यावर, आणि समोरच्याला वाटतं याला कोंडा झालाय. ओला हात फिरवला तर थोडंफार परत बसतं, नाही असं नाही, पण मग सकाळी सकाळी ऑफिसच्या बेसिनपाशी डोकं ओलं करत उभं राहायचं आणि मागे कोणीतरी दात घासायला थांबलेलं, मला ते नाही जमत. शिवाय तेल लावलेल्या केसांवर जेल धरतच नाही. आणि यातली गंमत अशी की सेट वेट हे जेल मॅरिको कंपनीचं, पॅराशूट तेलही मॅरिकोचं. म्हणजे आई तेल चोपडते, आपण ते धुऊन जेल चोपडतो, पैसे दोन्हीकडून एकाच घरी.

स्वस्त मात्र जेलच सर्वात, यात वाद नाही. छोटी ट्यूब १०० रुपयांच्या आत येते, पुडीही मिळते. वर्षातून चार लग्नांपुरतंच लावणारा असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, जेल घ्या.

आता वॅक्स. दिसण्याच्या बाबतीत प्रामाणिकपणे सांगायचं तर तिन्हीत वॅक्सच पुढे आहे. न्हाव्याकडे कटिंग झाल्यावर तो विचारतो, "भिया, वॅक्स मार दूं?" आणि दोन मिनिटांत आपण आरशात कोणी दुसरेच दिसतो. (त्यातलं निम्मं काम त्याच्या ड्रायरचं असतं हे लक्षात ठेवा. घरी ड्रायर न वापरता तोच डबा उघडला तर तसं होत नाही, आणि मग लोक डब्याला शिव्या देतात.) वॅक्स कडक होत नाही, त्यामुळे हेल्मेट काढल्यावर बोटं फिरवली की केस परत उभे राहतात. कागदावर बघायला गेलं तर हेल्मेटवाल्यासाठी हेच योग्य, आणि कोणालाही विचारा, हेच सांगतील. माझा मामेभाऊ तर वॅक्सशिवाय घराबाहेर पडत नाही. पण तो कारने जातो.

माझं वॅक्सशी बिनसलं ते हेल्मेटच्या अस्तरावरून. हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. जे वॅक्स तुम्ही सकाळी केसांना लावता त्यातलं बरंचसं वाटेतल्या पलासियापर्यंत पोचता पोचता हेल्मेटच्या आतल्या कापडात गेलेलं असतं. रोज थोडं थोडं. त्यावर घाम, त्यावर रस्त्याची धूळ, आणि इंदुरात कुठे ना कुठे खोदकाम चालूच असतं त्यामुळे धुळीला तोटा नाही. काही दिवसांत ते अस्तर चिकट काळपट होतं आणि एक वास धरतं, म्हणजे शिळ्या तेलाचा म्हणावा तसा. सिग्नलवर काच खाली असली की तो वास आपल्याच नाकात. बायकोला मागे बसवायचं तर ती ते हेल्मेट हातात धरायलाही तयार नाही. बरं, अस्तर धुवावं म्हटलं तर स्वस्त हेल्मेटचं अस्तर निघतच नाही, चिकटवलेलं असतं. ज्यांचं निघतं त्यांनी शॅम्पूच्या पाण्यात बुडवून चोळावं, निघतो बऱ्यापैकी मेण, पण पावसाळ्यात ते रात्रभरात वाळत नाही आणि सकाळी ओलसर हेल्मेट डोक्यावर घालून निघणं म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. तो आदेश होता तेव्हा पेट्रोलच्या वेळी हेल्मेट लागायचंच, म्हणजे वाळेपर्यंत थांबायचीही सोय नव्हती.

त्यातूनच कपाळावर, बरोबर केसांच्या कडेला, बारीक पुळ्या यायला लागल्या. स्किनवाल्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, केसांना काय लावता. तेलकट, मेणकट प्रॉडक्टने कपाळावर पुळ्या येणं इतकं नेहमीचं आहे की इंग्रजीत त्याला पोमेड अॅक्ने असं नावच आहे. माझ्या बाबतीत वॅक्स आणि त्यावर तो घट्ट दाबून बसलेला मळका फोम, दोन्ही मिळून झालं असावं, नक्की कशाने ते मी सांगू शकत नाही. वॅक्स बंद केल्यावर गेल्या एवढं खरं.

धुण्याचंही थोडं सांगतो कारण ते इथल्या पाण्याशी जोडलेलं आहे. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मधल्या दिवशी बोअरिंगचं, आणि बोअरिंगचं पाणी जड. त्यात साबणाने वॅक्स काढायला गेलात तर फेस होत नाही आणि साबणाचाच एक चिकट थर वर बसतो. शॅम्पूच वापरा, आणि जुनी युक्ती म्हणजे कोरड्या केसांनाच आधी कंडिशनर किंवा थोडं तेल चोळायचं, मेण सुटं होतं, मग शॅम्पू. वॅक्सच घ्यायचं ठरलं असेल तर डब्यामागची यादी वाचा. सुरुवातीलाच पाणी असेल आणि पुढे सेटिअरेथ वगैरे (मेण पाण्यात मिसळू देणारे घटक) दिसत असेल तर ते पाण्याने सुटणारं, त्यातल्या त्यात बरं. पेट्रोलेटम, पॅराफिन आधी असेल तर तुमचं नशीब आणि तुमचं बोअरिंग.

पावडरकडे मी जरा नाईलाजानेच गेलो. डबी बघून हसूच येतं, बोटभर उंचीची, १०-२० ग्रॅमची, आणि २००-३०० रुपयांच्या घरात. घरी वडील म्हणाले, एवढ्या पैशात टाल्कम पावडरचा केवढा डबा येतो. (त्यांच्या पिढीचा विषय ब्रिलक्रीमवर संपतो, आणि ते १९२८ पासूनचं आहे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.) पण ही टाल्कम नाही. यात मुख्य असते ती सिलिका सिलिलेट, अतिशय हलकी बारीक भुकटी, जी केसांवर बसली की केस एकमेकांवरून घसरत नाहीत, अडकून राहतात. कडक काही होत नाही, चमकही नाही, फक्त केस मुळाशी उचलले जातात. ज्यांचे पुढून विरळ आहेत त्यांना यात सर्वात जास्त फायदा, निदान मला तरी तसं वाटलं, कारण वॅक्सने विरळ केस एकत्र चिकटून बटा होतात आणि मधली टाळू उलट जास्त दिसते.

पण मला ती आवडली ते यासाठी नाही. ती हेल्मेट काढल्यावर लावता येते, यासाठी. जेलला ओले केस लागतात, वॅक्स लावलं की हात धुवायला साबण लागतो, म्हणजे दोन्ही घरूनच लावून निघावं लागतं आणि मग अख्खा रस्ता हेल्मेट त्याची वाट लावत जातं. पावडर ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या आरशात बघून, मुळाशी दोन झटके, बोटांनी चोळलं, झालं. हात झटकले की काम संपलं. हेल्मेटमध्ये काही जातच नाही कारण तेव्हा डोक्यावर काही नसतंच. संध्याकाळी परत हेल्मेट घालतो तेव्हा थोडी लागत असेल अस्तराला, पण ती कोरडी, वास नाही धरत. घरी गेल्यावर केस कसे दिसतात याची काळजी करायचं वयही राहिलं नाही.

तिच्यात खोड्या आहेत, आणि काहींना त्या वॅक्सच्या वासापेक्षा जास्त खटकतील. पहिली म्हणजे तो स्पर्श. केस इतके रखरखीत लागतात की पहिल्या दिवशी वाटतं काहीतरी बिघडलं, कंगवा तर घालूच नये, अडकतो. ज्याला सारखा केसांतून हात फिरवायची सवय आहे त्याला ही नकोच. दुसरं, जास्त पडली तर काळ्या केसांवर पांढरट दिसते, म्हणून आधी तळहातावर घेऊन मग लावा, आणि डबी तोंडापासून लांब धरा, नाकात जाते. तिसरं, घाम. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात चालून जातं, पण जुलैच्या दमट दिवसांत केस घामाने भिजले की पावडरचा जोर ओसरतो, तिथे जेल जिंकतं हे मान्य करावं लागेल. कुरळ्या केसांना तर मी सुचवणारच नाही, गुंता होतो, त्यांनी एखादं क्रीम किंवा हलकं जेल बघावं. आणि रोज लावणार असाल तर रात्री धुऊन झोपा, नाहीतर डोकं खाजतं.

एकदम चापून मागे बसवायचे केस हवे असतील तर पावडर आणि मॅट वॅक्स दोन्हींचा उपयोग नाही, सरळ जेल. आणि रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जाणार असाल तर यातलं काहीच लावू नका, आदल्या रात्री भरपूर खोबरेल चोपडा, रंग धुताना आठवण काढाल.

माझ्या मते कारने किंवा सिटी बसने जाणाऱ्याने मामेभावाचं ऐकावं, वॅक्स घ्यावं, गॅट्सबीपासून बिअर्डोपर्यंत पर्याय भरपूर आहेत. रोज गाडी आणि रोज हेल्मेट असेल तर मी एकदा तरी पावडरची सर्वात छोटी डबी घेऊन बघा म्हणेन, तुमचे केस वेगळे, कदाचित नाहीही जमणार, पण २०० रुपयांच्या आसपासचाच प्रश्न आहे. घेताना डबी हलवून बघा, गुठळी लागत असेल तर ओल लागलेली आहे, दुसरी मागा. छापील किंमत आणि बनवल्याची तारीख नसलेली फुटपाथवरची डबी तर नकोच, त्यात खरंच टाल्कम असू शकतं.

आणि हो, ऑफिससाठी म्हणून जे काही घ्याल ते गाडीच्या डिक्कीत ठेवायचा विचार असेल तर मे महिन्याचा आधी विचार करा. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत वॅक्स वितळून झाकणातून बाहेर येतं आणि गाडीच्या कागदांना लागतं, जेलची ट्यूब फुगून कधी झाकणातून गळते. पावडरची डबी माझ्या डिक्कीत पंक्चरच्या किटशेजारी अख्खा उन्हाळा पडून होती, तिला काही झालं नाही.