व्हेनिस की ॲमस्टरडॅम? आधी उभं कुठे राहणार ते बघा

युरोपचे दहा दिवस, त्यात कालव्यांचं एकच शहर बसतंय, आणि बॅगेत कॅमेरा नाहीतर स्केचबुक आहे. व्हिसा एकच, दोन्हीकडे चालतो. मग कुठे जायचं? मी दोन्ही शहरं पाहिली. दोन्हीकडे एकाच प्रश्नानं छळलं: चित्र समोर दिसतंय, पण ते टिपायला उभी कुठे राहू?

व्हेनिसच्या महालांचं तोंड पाण्याकडे असतं. ग्रँड कॅनॉल हा शहराचा मुख्य कालवा साधारण 3.8 किलोमीटर लांब, त्यावर पूल फक्त चार, आणि बऱ्याच भागात काठानं चालायला वाटच नाही. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. गल्लीतून फिरताना आपण बहुतेक वेळ त्या श्रीमंत घरांची पाठच बघत असतो. त्यामुळे सगळी गर्दी त्याच चार पुलांवर. अकादेमियाच्या लाकडी पुलावरून सालूते चर्चचा घुमट दिसतो, तो फोटो तुम्ही शंभरदा पाहिलेला असतो. तिथे सकाळी सूर्य समोरून डोळ्यांत येतो. दुपार कलल्यावर जा, तेव्हा ऊन घुमटावर पडतं.

अठराव्या शतकात इथल्याच कानालेत्तो नावाच्या चित्रकारानं याच पाण्याची चित्रं रंगवून इंग्रज उमरावांना विकली. त्याच्या चित्रातली नेमकी जागा शोधायला जाऊ नका. दोन-तीन ठिकाणांहून दिसणारं दृश्य तो खुशाल एका चौकटीत जुळवायचा. फ्रेंच चित्रकार मोने 1908 मध्ये आला, तो गोंडोला या लांबट होडीत बसूनही रंगवायचा. आपल्याला ते परवडायचं नाही, कारण गोंडोलाचे दिवसा अर्ध्या तासाचे 90 युरो होतात.

माझा उपाय म्हणजे 1 नंबरची वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची आपली बेस्टची बस. 75 मिनिटांचं तिकीट 9.50 युरो, महाग आहेच, पण ती जवळजवळ प्रत्येक थांब्याला लागते. थांबा म्हणजे पाण्यावर डोलणारा तराफा. बोट टेकली की कर्मचारी जाडजूड दोर खुंटाला गुंडाळतो, दोर करकरत ताणला जातो, आणि माणसं चढ-उतर करेपर्यंत बोट एका जागी राहते. महालाचा अख्खा दर्शनी भाग टिपायला तेवढाच वेळ मिळतो. स्केच काढायचं तर मात्र आतल्या अरुंद कालव्यांकडे वळा. तिथे ऊन पाण्यापर्यंत पोचतं ते जेमतेम दुपारी. तेव्हा पाण्यावरचा उजेड उलटून पुलाच्या कमानीच्या पोटावर थरथरत असतो. त्या एका गोष्टीपायी मी एका पायरीवर दीड तास काढला, आणि कागदावर काही धड उतरलं नाही.

ॲमस्टरडॅमला उभं राहायला जागाच जागा. सतराव्या शतकात, 1613 पासून, आखून खणलेले हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे कालवे चांगले पंचवीसेक मीटर रुंद, आणि दोन्ही काठांनी रस्ता. पलीकडच्या काठावर गेलं की समोरची घरांची ओळ फुटपट्टी लावल्यासारखी सरळ मिळते. पण मध्ये येतात सायकली, उभ्या गाड्या आणि एल्मची झाडं. उन्हाळ्यात ती पालवली की निम्मी घरं पानांआड. ट्यूलिपसाठी एप्रिलच्या सुरुवातीला जात असाल तर फांद्या बऱ्याचशा उघड्या असतात आणि घरं मोकळी दिसतात. फक्त 27 एप्रिलचा राजाचा वाढदिवस टाळा. त्या दिवशी आपल्याकडच्या विसर्जनाएवढी गर्दी असते.

घरी येऊन फोटो एडिट करताना घरं वाकडी दिसली तर लगेच सरळ करत बसू नका. बरीच घरं मुद्दाम रस्त्याकडे झुकती बांधलेली आहेत. माथ्यावर पुढे आलेल्या तुळईला आकडा असतो. आतले जिने इतके अरुंद की कपाट, सोफा दोरानं बाहेरून वर ओढून खिडकीतून आत घेतात. घर पुढे झुकलेलं असलं की सामान भिंतीवर आपटत नाही. संध्याकाळी रेखुलिर्सग्राख्तच्या तोंडाशी थांबा. एकामागे एक सात पुलांच्या कमानी दिव्यांनी उजळतात.

खर्चात फारसा फरक नाही, दोन्हीकडे खिसा हलका होतो. व्हेनिसनं 2024 पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना 5 युरोंचं शुल्क लावलंय, उशिरा नोंदवलं तर 10. शहरात मुक्काम असेल तर ते माफ आहे, पण तशी नोंद ऑनलाइन करावी लागते. जेवणाला भारतीय हॉटेलं ॲमस्टरडॅमला जास्त सापडतील.

सोबत आई-बाबा असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, तर ॲमस्टरडॅम. ट्राम दारापर्यंत नेते. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल, आणि बहुतेकांना पायऱ्या. एकटे असाल, फोटोपेक्षा बघत बसण्याचा नाद असेल, तर व्हेनिस, तेही नोव्हेंबर ते जानेवारीत. मात्र भरतीचं पाणी शहरात शिरण्याचे दिवसही तेच. 12 नोव्हेंबर 2019 ला ते 187 सेंटीमीटरपर्यंत चढलं होतं. 2020 पासून मोठ्या भरतीला समुद्राच्या तोंडाशी अडथळे उभे केले जातात, तरी बॅगेत जाड तळाचे बूट असू द्या.

स्वस्त पडतं म्हणून व्हेनिससमोर जमिनीवर असलेल्या मेस्त्रेला मात्र राहू नका. ट्रेननं दहा मिनिटांवर आहे खरं, पण दिवसाची गर्दी ओसरल्यावर गल्लीत फक्त पाण्याचा चुबुक-चुबुक आवाज उरतो, नेमकं तेव्हाच तुम्ही परतीच्या गाडीत बसलेले असता.