मान्यता अभ्यासक्रमाला की प्रमाणपत्र माणसाला?

अमेरिकेत वाहनदुरुस्ती शिकायला निघालेल्यांची ‘एएसई’ (ऑटोमोटिव्ह सर्व्हिस एक्सलन्स) या नावावरून हमखास गल्लत होते, कारण या नावाच्या संस्था दोन आहेत. एएसई एज्युकेशन फाउंडेशन मान्यता देतं ती अभ्यासक्रमाला. वर्कशॉपमधली अवजारं, सुरक्षितता, मुलांकडून प्रत्यक्ष करून घेतलेली कामं, सगळं तपासलं जातं; शिकवणाऱ्यांकडेही एएसई प्रमाणपत्र लागतं. हे फार महत्त्वाचं, कारण हात शाळेतच घडतो.

1972 साली सुरू झालेली मूळ एएसई संस्था प्रमाणित करते ती तंत्रज्ञाला. नुसती परीक्षा पुरत नाही, कामाचा अनुभवही हवा. साधारण 2 वर्षांचा, प्रशिक्षणाने थोडा कमी होतो. शिवाय दर 5 वर्षांनी नूतनीकरण. ए1 ते ए8 या मोटारदुरुस्तीच्या आठ परीक्षा पार केल्या की ‘मास्टर’ तंत्रज्ञ.

मान्यताप्राप्त शाळेत शिकलात म्हणून प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. तरी प्रवेश घेताना मी आधी मान्यताच विचारेन.