स्वतः लिहिलेलं बरं की पेपरात आलेलं? कॉलिन्स आणि द्युती
आपण समलिंगी आहोत हे खेळाडूने स्वतः लिहून सांगावं की पेपरवाल्यांना सांगावं, काल मालवणात टपरीवर याच्यावरून वाद झाला म्हणून लिहितोय. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा जेसन कॉलिन्स, २०१३, त्याने स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड मॅगझिनमध्ये स्वतःच लेख लिहिला, कव्हरवर फोटो, पहिल्या वाक्यात वय, खेळ, मग काळा आहे आणि गे आहे, बास. शब्द त्याचे, क्रम त्याचा, त्यामुळे नंतर चॅनेलवाल्यांना त्याच्याच वाक्यांवर बोलावं लागलं.

आपली धावपटू द्युती चंद, तिचं वेगळं. मे २०१९, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बद्दलच्या निकालाला वर्षही झालं नव्हतं, तिने आपलं एका मुलीशी नातं आहे असं इंडियन एक्स्प्रेसला सांगितलं, पार्टनरचं नावसुद्धा नाही सांगितलं, आणि तरी पुढे बातम्या कसल्या तर बहीण काय म्हणाली, घरचे काय म्हणाले, जणू शेजारच्या घरातलं भांडण! आदल्या वर्षीची एशियाडची दोन रौप्यं गेली खाली, शेवटच्या ओळीत. जुलैत नेपल्सला युनिव्हर्सिएडमध्ये (विद्यार्थ्यांची जागतिक क्रीडास्पर्धा) १०० मीटरचं सोनं ११.३२ सेकंदात आणलं तेव्हा कुठे परत खेळाचं बोलणं.

माझं मत कॉलिन्सच्या बाजूने, पण त्याला मॅगझिन मिळालं, आपल्याकडे कोण एवढी पानं देतंय? टपरीवरचे आबा मात्र म्हणाले, "ता ऱ्हवांदे रे, चेडू धावता किती ता सांग." (म्हणजे ते राहू दे, मुलगी धावते किती ते सांग.)