अक्षरसंच : चित्रे झाका, पट्ट्या वापरा

सोलापूरच्या नवी पेठेतील एका दुकानातून 360 रुपयांना आणलेला हा अक्षरसंच मी गेले दोन महिने रोज संध्याकाळी अर्धा तास वापरतो आहे. समोर बसते ती शेजारची पहिलीतली मुलगी. घरात तेलुगू आणि शाळा मराठी, आपल्या शहराच्या पूर्व भागातील कितीतरी तेलुगूभाषक मुलांसारखीच. संचात अक्षरांचे जाड पुठ्ठ्याचे पत्ते आहेत आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार यांच्या पारदर्शक पट्ट्या आहेत.

पहिल्याच दिवशी तिने ‘ज’वर बोट ठेवून ठामपणे ‘पडव’ असे वाचले. तेलुगूत पडव म्हणजे होडी. पत्त्यावर जहाजाचे चित्र होते आणि ती अक्षर नव्हे, चित्र वाचत होती. तेव्हापासून मी चित्रावर जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा ठेवतो.

खरी किंमत वसूल होते ती पट्ट्यांवर. ‘क’वर काना ठेवला की ‘का’ होतो, उचलला की पुन्हा ‘क’ उरतो, आणि हा बदल मूल स्वतःच्या हाताने घडवते. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, पण तिचा उच्चार मात्र नंतर. त्यामुळे ही मुलगी ‘किडा’ हा शब्द ‘इकडा’ असा वाचत असे. आधी ‘क’ मोठ्याने म्हणायचा आणि मगच डावीकडून पट्टी सरकवायची, असा क्रम लावल्यावर आठवडाभरात ती चूक थांबली.

उणिवाही आहेत. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतील ‘च’चे उच्चार वेगळे असतात, याविषयी सोबतच्या पुस्तिकेत अवाक्षर नाही. ‘घ’ आणि ‘ध’ इतके सारखे छापले आहेत की मला फरकाच्या जागी स्केचपेन फिरवावे लागले. 2022 च्या शासन निर्णयाने पाकळीचा ‘ल’ ठरवून दिलेला असताना येथे दंडाचा, म्हणजे उभ्या रेघेचा हिंदी वळणाचा ‘ल’ आहे. अर्धी अक्षरे तर नाहीतच, त्यामुळे तिला ‘सोलापूर’ जुळवता आले, पण ग्रामदैवताचे रोज कानावर पडणारे नाव ‘सिद्धेश्वर’ अडून बसले.

खोक्यावर ‘21 दिवसांत वाचन’ असे छापले आहे. मुलांना वाचन आणि अंकज्ञान यावे म्हणून केंद्र सरकारने 2021 मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानानेही तिसरीच्या अखेरीपर्यंतचा अवधी धरला आहे, हे छापणाऱ्याला कोणी सांगावे? तरीही संच घ्यावा, असेच मी म्हणेन. पट्ट्या सुट्या मिळतील का, असे दुकानदारांना विचारून पाहिले. ते नाही म्हणाले.