टीव्हीचं वाय-फाय जोडताना: गूगल टीव्ही, वेबओएस, टायझन आणि फायर टीव्हीचं परीक्षण

टीव्ही घेताना लोक पॅनेल निरखून बघतात, आवाज वाढवून ऐकतात, एचडीएमआय पोर्ट मोजतात. वाय-फायबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. सगळ्याच टीव्हीत ते असतं, मग त्यात बघायचं काय, असं वाटतं. पण चित्र अडकतं, ॲप उघडत नाही किंवा फोनवरून टीव्हीवर काही पाठवता येत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा या जोडणीतच सापडतो. म्हणून हे परीक्षण चित्राचं नाही, जोडणीचं आहे. गूगल टीव्ही, एलजीचं वेबओएस, सॅमसंगचं टायझन आणि ॲमेझॉनचं फायर टीव्ही या चारही सिस्टिमना आम्ही दोन प्रश्न लावले: घरच्या नेटवर्कला जोडायला किती त्रास पडतो, आणि जोडणी बिघडली तर टीव्ही आपल्याला नेमकं काय सांगतो? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

पहिल्या जोडणीत गूगल टीव्ही सगळ्यात पुढे आहे. सेटअप सुरू झाला की पडद्यावर क्यूआर कोड येतो, फोनवरच्या गूगल होम ॲपने तो स्कॅन करायचा, आणि फोनला माहीत असलेलं वाय-फायचं नाव आणि पासवर्ड टीव्हीकडे आपोआप जातो. एक अक्षरही टाइप करावं लागत नाही. ही सोय पहिल्या सेटअपपुरतीच आहे हे मात्र ध्यानात ठेवा. पुढे राउटरचा पासवर्ड बदललात, तर 'सेटिंग्ज' मधल्या 'नेटवर्क आणि इंटरनेट' मध्ये जाऊन रिमोटनेच टाइप करायचं आहे. फायर टीव्हीची युक्ती वेगळी: वाय-फायचा पासवर्ड ॲमेझॉनच्या खात्यात साठवला असेल, तर त्याच खात्यावरचं दुसरं उपकरण तो स्वतःहून उचलतं. घरात एचडीएमआयला लावायच्या दोन-तीन फायर टीव्ही स्टिक असतील तर याचा उपयोग होतो. पासवर्ड कंपनीकडे ठेवायचा नसेल, तर जोडताना त्या पर्यायावरची खूण काढून टाका.

वेबओएसमध्ये मॅजिक रिमोटचा बाण हवेत फिरवून अक्षरांवर टिचकी मारता येते. टायझनमध्ये चार दिशांच्या बटणांनी एकेका अक्षरापर्यंत चालत जावं लागतं, आणि मोठी लिपी, लहान लिपी, चिन्हं यांची पानं बदलावी लागतात. सोळा अक्षरांचा पासवर्ड असेल तर बोट दुखतं. फोनमधलं रिमोट ॲप वापरू म्हणावं, तर अशी बहुतेक ॲप टीव्ही नेटवर्कवर आल्यानंतरच चालतात. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच उपयोगाची नाहीत. याला एक साधा उपाय आहे जो फार थोड्या लोकांना माहीत असतो: संगणकाचा साधा यूएसबी कीबोर्ड टीव्हीच्या यूएसबी पोर्टमध्ये लावा. चारही प्रकारच्या बहुतेक टीव्हींवर तो लगेच चालतो. टाइप करताना 'पासवर्ड दाखवा' हा पर्याय चालू ठेवा. शून्य आणि ओ, लहान एल आणि मोठा आय यांची गफलत, शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा, इतक्या साध्या गोष्टींवर तासन् तास जातात.

राउटरवरचं डब्ल्यूपीएस बटण (पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय) दाबून जोडता येतं का, असं बरेच जण विचारतात. बटण दाबल्यावर सुमारे दोन मिनिटं राउटर दार उघडं ठेवतो, तेवढ्यात टीव्हीवर तोच पर्याय निवडायचा. पण डब्ल्यूपीए३ या वाय-फायच्या नव्या सुरक्षा पद्धतीबरोबर हे चालत नाही, आणि डब्ल्यूपीएसच्या पिन पद्धतीतली फट २०११ मध्येच उघड झाली आहे. काम झालं की राउटरमध्ये ते बंद करून टाकावं, हेच बरं.

आता मुद्द्याची गोष्ट. पासवर्ड अक्षर न् अक्षर बरोबर असूनही टीव्ही 'पासवर्ड चुकीचा' म्हणतो, तेव्हा संशय राउटरच्या सुरक्षा प्रकारावर घ्या. डब्ल्यूपीए३ हे २०१८ मध्ये आलं. त्याआधीच्या आणि नंतरच्याही बऱ्याच टीव्हींना ते कळत नाही. राउटर 'फक्त डब्ल्यूपीए३' वर ठेवला असेल तर असा टीव्ही जोडला जाणार नाही, आणि कारणही धड सांगणार नाही. राउटरमध्ये 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र' निवडा. तरीही अडलं तर 'डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस' करा. टीकेआयपी हा जुना पर्याय मात्र निवडू नका. त्यावर वाय-फाय ४ या पिढीचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही, आणि सुरक्षाही जुनाट आहे.

दुसरी नेहमीची तक्रार: काल नेटवर्क यादीत दिसत होतं, आज दिसतच नाही, फोनवर मात्र झकास चालतंय. हा चॅनेलचा प्रश्न आहे. घरचं वाय-फाय बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, चालतं, आणि प्रत्येक पट्ट्यात क्रमांक दिलेले चॅनेल असतात. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. राउटरला त्यांवर बोलण्याआधी निदान एक मिनिट कान देऊन ऐकावं लागतं, आणि रडारची चाहूल लागली तर जागा सोडावी लागते. काही टीव्ही हे चॅनेल बघतच नाहीत. राउटर 'ऑटो' वर असेल तर तो रात्रीतून ४४ वरून १०० वर जातो आणि सकाळी टीव्हीच्या दृष्टीने घरातलं वाय-फाय नाहीसं झालेलं असतं. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ३६, ४०, ४४ किंवा ४८ वर पक्का करा आणि टीव्हीवर पुन्हा शोधा. २.४ गिगाहर्ट्झलाही अशीच खोच आहे: राउटर १२ किंवा १३ वर गेला तर काही टीव्हींना ते दिसत नाही. तिथे १, ६ किंवा ११ हेच घ्यावेत, आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी.

दोन बँडपैकी कोणता, याचं उत्तर खोलीवर आहे. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत किंवा मध्ये एकच भिंत असेल तर ५ गिगाहर्ट्झ. दोन पक्क्या भिंती आल्या, की २.४ गिगाहर्ट्झ हळू असला तरी टिकून राहतो. टीव्ही जिथे ठेवणार तिथे फोन धरून सिग्नल मोजणाऱ्या कुठल्याही ॲपने आकडा बघा. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप: उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओला चालतं, उणे ७५ च्या खाली गेलं तर अडकणार. फोनपेक्षा टीव्हीला थोडं कमीच मिळेल असं धरून चाला, कारण टीव्हीचा अँटेना पॅनेलच्या मागे भिंतीला चिकटून बसलेला असतो आणि पुढे धातूचा पत्रा असतो.

स्टिक वापरणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. स्टिक थेट एचडीएमआय पोर्टमध्ये खुपसली की ती टीव्हीच्या पाठीला चिकटते, आणि पोर्टमधून निघणारा विद्युत गोंगाट तिच्या अँटेनाशेजारीच होतो. डब्यात येणारी एचडीएमआयची छोटी जोडवायर लोक बाजूला टाकून देतात. ती लावा आणि स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर येऊ द्या. शेजारच्या पोर्टमध्ये यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल तर तीही जरा लांब ठेवा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, आणि ब्लूटूथ रिमोटही त्याच पट्ट्यात बोलतो. रिमोटची बटणं उशिरा लागू लागली तर सेल बदलण्याआधी ही हार्ड डिस्क काढून बघा.

वाय-फायऐवजी नेटची वायर लावून मोकळं व्हावं, हा सल्ला सर्रास दिला जातो. स्थिरतेसाठी तो बरोबर आहे, वेगासाठी नेहमीच नाही. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट (ही वायर लावायची जागा), महागड्या टीव्हींचासुद्धा, १०० एमबीपीएसचाच असतो. प्रत्यक्षात ९०-९५ मिळतात. त्याच टीव्हीचं ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय जवळच्या राउटरवर याहून जास्त देऊ शकतं. ओटीटीला याने फरक पडत नाही: नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस सुचवतं, यूट्यूबच्या ४केला २० पुरतात. फरक पडतो तो घरच्या सर्व्हरवरून ४के ब्लू-रेच्या मूळ दर्जाच्या फाइल चालवणाऱ्यांना. त्या फाइल मध्येच १०० च्या वर उसळी मारतात आणि वायर असूनही चित्र थांबतं. अशा घरात वायर काढून ५ गिगाहर्ट्झवर येणं हाच उपाय ठरतो. चांगल्या पॅनेलच्या टीव्हीत इतका जुना पोर्ट बसवणं ही कंजुषीच आहे, आणि ती खपवून घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

'वाय-फाय जोडलं आहे, इंटरनेट नाही' हा निरोप आल्यावर कोण किती मदत करतं, यात टायझन बाजी मारतं. त्याच्या 'नेटवर्क स्थिती' पानावर टीव्ही, राउटर आणि इंटरनेट अशी तीन चित्रं एका ओळीत येतात आणि कडी तुटली असेल तिथे खूण दिसते. टीव्ही आणि राउटरमध्ये तुटली तर घरातला प्रश्न; राउटर आणि इंटरनेटमध्ये तुटली तर सेवा देणाऱ्या कंपनीला फोन. वयस्कर माणसालाही फोनवरून विचारता येतं, "फुली पहिल्या रेषेवर आहे की दुसऱ्या?" फायर टीव्हीवर जोडलेल्या नेटवर्कवर जाऊन प्ले/पॉज बटण दाबलं, की सिग्नलचा दर्जा आणि आयपीसकट (नेटवर्कवरचा टीव्हीचा पत्ता) स्थिती दिसते, बटण माहीत असेल तर फार उपयोगाचं. गूगल टीव्ही जोडलेल्या नेटवर्कवर गेल्यावर आयपी, मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) आणि सिग्नल दाखवतो, पण निदान आपणच करायचं.

निदान करताना आधी आयपी पत्ता वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. नेटवर्क विसरायला लावा, राउटर बंद-चालू करा, पुन्हा जोडा. १९२.१६८ सारखा पत्ता आहे पण काही उघडत नाही, तर टीव्हीचं घड्याळ बघा. तारीख चुकीची असेल तर सर्व्हर खरा असल्याची खात्री देणारी सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि एकही ॲप सर्व्हरशी बोलत नाही, जोडणी धडधाकट असूनही. वीज जाऊन आल्यावर हे कधीकधी होतं. तारीख-वेळ हाताने बरोबर करा, ॲप चालू झाली की परत 'आपोआप' वर ठेवा. घड्याळही ठीक असेल, तर आयपी सेटिंगमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा.

फार जुन्या टीव्हीत यातलं काहीच लागू पडत नाही, कारण त्यातली मूळ प्रमाणपत्रंच मुदतबाह्य झालेली असतात. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रं देणारी संस्था ज्यावर विसंबून होती ते जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, तेव्हा अपडेट न मिळणाऱ्या कितीतरी उपकरणांवर साइट उघडेनाशा झाल्या. कंपनी अपडेट देत नसेल तर टीव्हीशी झगडू नका. एचडीएमआयला नवी स्टिक लावा आणि टीव्हीचा उपयोग फक्त पडदा म्हणून करा.

रीस्टार्टबद्दल एक गैरसमज जाता जात नाही. रिमोटचं पॉवर बटण दाबलं की टीव्ही बंद होत नाही, डुलकी घेतो; अडकलेलं वाय-फाय तसंच अडकलेलं राहतं. सॅमसंगवर पॉवर बटण लोगो येईपर्यंत दाबून धरा. एलजीवर 'क्विक स्टार्ट प्लस' बंद करून बघा. फायर टीव्हीवर सिलेक्ट आणि प्ले/पॉज एकत्र पाच सेकंद दाबा. गूगल टीव्हीवर 'सिस्टिम' मध्ये 'रीस्टार्ट' आहे. कशानेच जमलं नाही तर प्लग काढून एक मिनिट थांबा.

फोनवरून टीव्हीवर कास्ट होत नसेल तर फोन २.४ वर आणि टीव्ही ५ वर आहे म्हणून नाही. एकाच राउटरचे दोन्ही बँड सहसा एकच नेटवर्क असतात. दोघांचे आयपी पत्ते शेजारी लिहा. फोन १९२.१६८.१.२० आणि टीव्ही १९२.१६८.०.१५ असेल, तर घरात दोन राउटर एकामागोमाग लागले आहेत आणि फोन-टीव्ही वेगवेगळ्या नेटवर्कवर बसले आहेत. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता पहिल्याचंच पुढे नेईल. पत्ते जुळत असूनही टीव्ही सापडत नसेल, तर दोघांपैकी एखादा गेस्ट नेटवर्कवर आहे का, राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' (उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा पर्याय) चालू आहे का आणि फोनवर व्हीपीएन आहे का, हे बघा.

एकंदरीत, पहिली जोडणी झटपट हवी तर गूगल टीव्ही, बिघाड घरातल्या कोणालाही समजावा असं वाटत असेल तर टायझन, दोन-तीन टीव्हींच्या घरात फायर टीव्ही. वेबओएस टाइप करायला सगळ्यात सुखाचं, बाकी मधलं. पण सिस्टिम कुठलीही घ्या, दुकानात तपशीलपत्रक मागून तीन ओळी वाचा: वाय-फाय ५ या पिढीचं किंवा त्यापुढचं आहे का, डब्ल्यूपीए३ लिहिलंय का, आणि लॅन पोर्टपुढे १०० आहे की १०००.